टोकियोत आईबाबांना रामेन बारमध्ये न्यावं का?

खारीबिस्कीट
नमस्कार मंडळी,

कामानिमित्त टोकियोत आहे, राहायला निशी-कासाईला आणि ऑफिस कांदाला. ऑफिसच्या मागच्या गल्लीत एक रामेन बार आहे. बार म्हणजे दारूचा नव्हे (बिअर मिळते, पण ती गौण). एक लांब लाकडी काउंटर, समोर जेमतेम आठ-दहा उंच स्टुलं, पाठीमागे भिंत. बसलेल्या माणसाच्या मागून कुणाला जायचं असेल तर पोट आत घ्यावं लागतं. दारात तिकिटाचं मशीन. पैसे टाका, बटण दाबा, चिठ्ठी काउंटरवर ठेवा, दहा मिनिटांत वाडगा समोर.

मला खाण्याइतकंच ते बघायला आवडतं. आचारी आधी वाडग्याच्या तळाशी पळीभर गडद रस ओततो, त्यावर चमचाभर वासाचं तेल, मग उकळतं सूप. तोवर नूडल्स उभ्या गाळण्यांत शिजत असतात. गाळणी उचलून मनगटाने असा काही झटका देतो की पाणी थेट खाली आणि एक थेंब शेजारी नाही. नूडल्स सुपात सोडून काड्यांनी एकदा उचलून घडी घातल्यासारख्या नीट लावतो, मग मांसाचे काप, अर्धं अंडं, बांबूचे कोंब, कांद्याची पात. एका वेळी चार वाडगे, तोंडातून शब्द नाही.

हे सगळं व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवण्याचा उद्योग मी केला. आता ते ऑक्टोबरात येतायत आणि "फुजी नंतर, आधी ते दुकान" असा हट्ट आहे. अडचण अशी: बाबा मासे-कोंबडी खातात, डुक्कर नको म्हणतात. आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. आईला एकटीला हॉटेलवर ठेवून बाबांना नेणं जमणार नाही. वरचे काप आणि अंडं काढून द्यायला सांगितलं तर चालेल का? कुणी आईवडिलांना नेलंय का अशा ठिकाणी?

तोक्योकरीण
काप काढून काहीच होणार नाही. मांस वर नाहीच आहे हो, ते सुपात आहे! डुकराची हाडं, कोंबडीचे सांगाडे, सुके मासे, कात्सुओबुशी (सुकवलेल्या बोनिटो माशाचे पातळ काप), यातलं काही ना काही असतंच. तळाशी जो गडद रस म्हणताय त्याला 'तारे' म्हणतात, त्यातही बरेचदा माशाचा अर्क असतो. वासाचं तेल म्हणजे अनेक ठिकाणी चरबी. शोयु, शिओ, मिसो ही नावं ऐकून लोकांना वाटतं सोयासॉस, मीठ आणि सोयाबीन, म्हणजे शाकाहारी. ती नुसती चव कशाची ते सांगतात, पाणी कशाचं ते सांगत नाहीत.

त्या दुकानात आईंना नेऊ नका. दुसरे पर्याय आहेत, रात्री सविस्तर लिहिते.

उकडशेंगा
आईंसाठी डब्यात थालीपीठ न्या. काउंटरवर ठेवलं की आचारी पहिल्यांदाच तोंडातून शब्द काढेल.

भिडस्त
मशीनबद्दल माझे दोन शब्द. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आधी बटण दाबत बसलो, काही होईना. मागे रांग. आधी पैसे टाकायचे असतात, मग बटणं पेटतात. वाचता येत नसेल तर डावीकडचं सगळ्यात वरचं बटण दाबा, बहुतेक दुकानांत तिथे त्यांचा खास वाडगा असतो. हजारच्या सुट्ट्या नोटा जवळ ठेवा. कित्येक मशीन दहा हजारची नोट घेत नाहीत.

गल्लीतला_गावसकर
@भिडस्त, यात भर. जुलै २०२४ मध्ये जपानने नव्या नोटा काढल्या तेव्हा तर मजाच झाली होती. जुन्या मशीनला नवी नोट ओळखता येईना. छोट्या दुकानदारांनी 'फक्त जुन्या नोटा' असे हाताने लिहिलेले कागद चिकटवले होते. नवं मशीन म्हणजे मोठा खर्च, आणि वाडगा विकायचा हजार येनच्या आत. कुठून काढणार?

सातारी_तडका
मी उलट बोलणार, राग मानू नका. शाकाहार-मांसाहार सोडा, आईवडिलांना रामेन बारमध्ये नेऊच नये. ती बसून गप्पा मारायची जागा नाही. स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाडीवर आपण आईबाबांना 'जेवायला' नेतो का? तसंच हे. लोक येतात, मान खाली घालून खातात, उठतात. बाहेर रांग लागलेली असते आणि ती तुमच्या पाठीकडे बघत असते. बाबा "हे काय, ते काय" विचारत बसणार, आई पाण्याचा ग्लास धरून. शिवाय बहुतेक ठिकाणी नियम असतो की बसलेल्या प्रत्येक माणसाने एक वाडगा घ्यायचा. आईंसाठी न खाता एक वाडगा विकत घेणार का?

निवांत_नाना
सातारी, जरा दमानं. माझ्या मुलाने मला नेलं होतं (मी ७१). स्टुलावर चढायला त्रास झाला तेवढाच. पिशवी ठेवायला खाली टोपली, कोट अडकवायला मागे खुंटी, पाणी आपलं आपण घ्यायचं. मला तर ते न बोलता खाणं आवडलं. आमच्या घरी जेवताना टीव्ही, फोन, सुनेचं ऑफिस, सगळं एकदम चालू असतं. तिथे पंधरा मिनिटं प्रत्येक जण फक्त जेवत होता. बाबांना नेच रे. आईचं वेगळं बघ.

मेतकूट
बाबांच्या प्रश्नाकडे कुणी बघतच नाहीये. मासे-कोंबडी चालतं म्हणजे निम्मं टोकियो मोकळं.

'तोरी पाइतान' म्हणून प्रकार असतो. कोंबडीची हाडं जोरदार आचेवर तासन् तास उकळून पांढरंशुभ्र दाट सूप करतात. तोंकोत्सुचं (डुकराच्या हाडांच्या सुपाचं) तंत्र तेच, हाडं कोंबडीची. दुसरा 'निबोशी', सुक्या छोट्या माशांचा. बाबा कोकणातले असतील तर निबोशीचा वास दारातच ओळखतील. पण दोन्हींत धोका एक: वरचा काप तरीही डुकराचा असू शकतो, आणि निबोशीच्या सुपात मासे आणि डुकराची हाडं एकत्र असणंही अगदी नेहमीचं आहे. तेव्हा सूप, तारे, तेल, वरचं मांस, चारही विचारायचं. फोनवर जपानीत लिहून न्या आणि चिठ्ठी देताना दाखवा. घाईच्या वेळी तोंडी विचारलंत तर "हाय, हाय" (म्हणजे हो, हो) म्हणतील आणि पुढचा वाडगा भरायला घेतील.

खारीबिस्कीट
बाबा मूळचे मालवणचे. निबोशीचं वाचून दाखवलं, म्हणाले "म्हणजे सुकटीचं सार. चालेल."

उकडशेंगा
घ्या. सोलकढी मिळते का तेवढं विचारा आता.

सातारी_तडका
नाना, तुम्ही एकटे मुलासोबत गेलात. इथे तिघं आहेत, त्यातली एक उपाशी. शेजारशेजारच्या तीन जागा मिळायची वाट बघत रांगेत उभं राहा, मग मी विचारतो मजा आली का.

कणीकवाली
थोडं अवांतर. रामेनच्या नूडल्स पिवळट असतात ते बघून अनेकांना वाटतं अंडं घातलंय. काही ठिकाणी घालतातही, पण पिवळेपणाचं मुख्य कारण कान्सुई. म्हणजे सोडियम आणि पोटॅशियमच्या कार्बोनेटचं पाणी. अल्कली लागली की मैद्यातली मूळची रंगद्रव्यं पिवळी पडतात आणि पीठ चिवट होतं. आपल्याकडे पापडखार घालतो तो याच कुळातला. घरी करायच्या असतील तर खायचा सोडा ओव्हनमध्ये तासभर भाजा, त्याचा वॉशिंग सोडा होतो, तो अगदी चिमूटभर पिठात घाला. (बोटांनी चोळत बसू नका, झोंबतो.)

मी पुण्यात हे करून बघते. नूडल्स छान होतात. सूप मात्र कोंबू (सुकवलेलं समुद्री शेवाळ) आणि सुक्या शिताके अळंब्यांचं, रात्रभर गार पाण्यात भिजवून. वरून तिळाची पेस्ट, मिसो, लसणाचं तेल. आमच्याकडे सगळे शाकाहारी, वाडगे चाटूनपुसून.

भिडस्त
वाचनखूण साठवली. पापडखार म्हणजे कमाल आहे.

गवतीचहा
सुर्र सुर्र आवाज करत खायचं असतं हे खरं का? माझ्या नवऱ्याला मी आयुष्यभर यावरून बोलत आले.

तोक्योकरीण
@गवतीचहा, खरं आहे, पण सक्ती कुणी करत नाही. गरम नूडल ओढताना हवा आत जाते, जरा गार होते, वासही नाकाशी जातो. नवऱ्याला सांगा फक्त नूडल्सना माफी आहे, चहाला नाही.

आता मुख्य उत्तर. खाबि, आईंसाठी टोकियो स्टेशनातलं टीज तानतान. यात मांस, मासे, अंडं, दूध काहीच नाही, दुकानच पूर्ण व्हीगन आहे. तीळ आणि शेंगदाण्याचं दाट सूप, वर सोयाचा खिमा, तिखट तेल. शेंगदाण्याचा कूट घालून जेवणाऱ्या माणसाला हे परकं वाटत नाही. केइयो स्ट्रीटमध्ये आहे, पण ते जेआरच्या (जपान रेल्वेच्या) फाटकाच्या आत. प्रवास करत असाल तर आपोआप आत असता, नाहीतर प्रवेश तिकीट काढून जा. जेवणाच्या वेळेला रांग असते, तीनच्या सुमारास जा.

दुसरं, आफुरी. त्यांचा युझु (लिंबाच्या जातीचं फळ) घातलेला हलका शिओ रामेन प्रसिद्ध आहे. तो कोंबडी-मासळीचा, पण व्हीगन वाडगाही वेगळा ठेवतात. म्हणजे एकाच काउंटरवर दोघांचं जमू शकतं. बाबांच्या वाडग्यावरच्या मांसाचं मात्र विचारून घ्या.

सातारी_तडका
व्हीगन रामेन म्हणजे बिनसाखरेचे पेढे. खायचंच असेल तर तोंकोत्सु खा, नाहीतर उदोन (जाड गव्हाच्या नूडल्स) खा.

कणीकवाली
उदोनच्या पाण्यात कात्सुओबुशी असते, सातारी. तिथेही मासाच.

सातारी_तडका
मग सोबा (कुट्टूच्या पिठाच्या नूडल्स).

कणीकवाली
त्यातही.

उकडशेंगा
सातारीकाका, आता थालीपिठावर या.

स्टेथोवाला
बाबांना रक्तदाब आहे का? कुणी विचारलं नाही म्हणून विचारतो. एका रामेनच्या वाडग्यात सूप सगळं प्यायलं तर ५-६ ग्रॅम मीठ सहज जातं, कधी त्याहून जास्त. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत म्हणते. जपान सरकारचं स्वतःचं उद्दिष्टही पुरुषांना साडेसात, बायकांना साडेसहा ग्रॅमच्या आत असं आहे. नूडल्स खा, वरचं खा, सूप चार चमचे चाखा आणि सोडून द्या. सूप उरवलं तर तिथे कुणाला वाईट वाटत नाही. नूडल्स टाकल्या तर वाटतं.

निवांत_नाना
डॉक्टर, मी सगळं प्यायलो होतो. आता सांगून काय उपयोग.

पोटोबा_आधी
उरवण्यावरून आठवलं. १९६८ साली सुरू झालेलं रामेन जिरो, मुख्य दुकान मिताला केइओ विद्यापीठाजवळ. पोरांची पोटं भरावीत असे प्रचंड वाडगे. त्याच पठडीतली दुकानं आता जागोजाग आहेत. मी अशाच एकात गेलो. वाडगा तयार व्हायला आला की आचारी तुमच्याकडे बघून एकच प्रश्न विचारतो, "निन्निकु इरेमास का?" म्हणजे लसूण घालू का. पण उत्तर नुसतं हो-नाही असं द्यायचं नसतं. लसूण, भाजी, चरबी, खारटपणा, काय किती ते एका दमात सांगायचं. माझ्या आधीचा विद्यार्थी मंत्र म्हटल्यासारखं म्हणाला. मी घाबरून त्याचीच री ओढली.

समोर आला तो मोडांचा आणि कोबीचा डोंगर. नूडल्स दिसायलाच अर्धा डोंगर खोदावा लागला. शेजारचा विद्यार्थी संपवून, वाडगा वरच्या फळीवर ठेवून, फडक्याने काउंटर पुसून, "गोचिसोसामा" (जेवणाबद्दल आभार) म्हणून गेलासुद्धा. त्यानंतर त्या जागेवर आलेलाही गेला. मी तिथेच. खाबि, बाबांना इथे नेऊ नकोस, बाकी कुठेही ने.

गल्लीतला_गावसकर
हाहा, "त्यानंतर आलेलाही गेला".

मेतकूट
याच्या बरोबर उलट हाकाताची (फुकुओका शहरातल्या भागाची) पद्धत. तिथे वाडगा लहान, नूडल्स बारीक. नागाहामाच्या मासळी बाजारातल्या घाईच्या लोकांसाठी ती सोय झाली, बारीक नूडल्स पटकन शिजतात. पण पटकन फुगतातही, म्हणून एकदम जास्त घालत नाहीत. सूप उरवायचं आणि "काएदामा" म्हणायचं, नूडल्सचा दुसरा गठ्ठा थोड्या पैशात येतो. किती कडक हव्यात तेही विचारतात. 'काता' म्हणजे कडक, 'बारिकाता' त्याहून कडक, 'हारिगाने' म्हणजे तार. सूप तोंकोत्सुचं असल्याने खाबिच्या बाबांना उपयोग नाही, बाकीच्यांसाठी लिहिलं.

सुपरमार्केटातली_सखी
दुकानं राहू दे, मी इथे पाकिटातले रामेन आणते. मागच्या ॲलर्जीच्या तक्त्यात डुकराचं चिन्ह नसेल तर चालतं ना?

तोक्योकरीण
चालत नाही, सखी. गहू, अंडं, दूध, कोळंबी, खेकडा वगैरे सक्तीच्या यादीत आहेत. डुक्कर, कोंबडी, गोमांस ऐच्छिक यादीत, कंपनीने छापलं तर छापलं. घटकपदार्थांची पूर्ण ओळ वाचा, फोनचा कॅमेरा भाषांतर करून देतो. 'पोर्क एक्स्ट्रॅक्ट', 'चिकन एक्स्ट्रॅक्ट' हे शब्द हमखास सापडतात, भाजीचं चित्र असलेल्या पाकिटावरही.

निवांत_नाना
पाकिटावरून सांगतो. तैवानमध्ये जन्मलेले मोमोफुकु आंदो हे याचे जनक. युद्धानंतर ओसाकात एका वाडगा रामेनसाठी थंडीत लागलेली रांग त्यांनी पाहिली होती. पुढे इकेदातल्या घरामागच्या खोपट्यात बसून नूडल्स तेलात तळून कोरड्या करायची युक्ती शोधली, आणि १९५८ मध्ये चिकन रामेन बाजारात आला. कप नूडल्स १९७१ चे. आपल्याकडे टॉप रामेन विकतात ती हीच निस्सिन कंपनी.

पेणची_पोह्यांची_मिरगुंडं
पण मला एक कळत नाही, आई शाकाहारी आहे तर जपानला जाऊन रामेनच का? निशी-कासाईला भारतीय हॉटेलं आहेत, इडली-डोशापासून सगळं मिळतं. बाबा एक दिवस मुलाबरोबर जातील, आई तोवर खरेदी करतील. एवढी चर्चा कशाला?

गवतीचहा
कारण आईलाही टोकियो बघायचंय! दर प्रवासात "तुम्ही जा, मी बसते इथे" हे आमच्या पिढीच्या बायकांनी पुष्कळ केलं. केदारनाथला घोड्यावर नवरा, मी खाली चहा घेत. फ्रान्सला नवरा शिंपल्यांवर, मी ब्रेड-लोणी. खारीबिस्कीट, आईसाठी जागा शोधा आणि तिलाच आधी बसवा. बाबा निबोशी संध्याकाळी खातील.

मेतकूट
गवतीचहा +१.

पेणची_पोह्यांची_मिरगुंडं
मी खरेदी म्हणाले ते मला खरेदी आवडते म्हणून हो! पण मुद्दा पोचला.

गल्लीतला_गावसकर
एक सुचवतो. शिन-योकोहामाचं रामेन संग्रहालय, १९९४ पासूनचं. तळघरात १९५८ सालची जपानी गल्ली उभी केलीय, जुन्या पाट्या, संध्याकाळचं आभाळ, आणि त्यात देशभरातल्या वेगवेगळ्या शैलींची रामेनची दुकानं. छोटे वाडगे मिळतात, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी चाखता येतं. प्रत्येक मोठ्या माणसाने दुकानात शिरलं की एक वाडगा घ्यायचा, हा नियम तिथेही आहे, पण आई बाहेर गल्लीत बाकावर बसू शकतात. बाबांना आचारी बघायचा आहे ना, तो मनसोक्त बघता येईल.

सातारी_तडका
हे बरं आहे. मागे रांग बघत नाही तिथे कुणी. (थोडी असते.)

आणि हो, हजार येन म्हणजे आपले साधारण पाच-सहाशे रुपये. सुगामोच्या त्सुताला २०१६ च्या मिशेलिन गाइडमध्ये तारा मिळाला, रामेनच्या दुकानाला पहिल्यांदाच. तरी लोकांच्या डोक्यात रामेन हजारच्या आतच हवा. बारा-बारा तास हाडं उकळायची आणि भाव सँडविचचा. त्या आचाऱ्याबद्दल मला आदर आहे म्हणून म्हणतो, त्याच्या काउंटरवर अर्धा तास बसू नका.

तोक्योकरीण
@सातारी, आज पहिल्यांदा तुमच्याशी पूर्ण सहमत.

खारीबिस्कीट
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं. पहिल्या दिवशी टोकियो स्टेशन, तिळाचा रामेन, आधी आईचा वाडगा. (आईला सांगितलं. म्हणाली, "शेंगदाण्याचा कूट घालतात ना, मग मला समजावू नकोस.") योकोहामाला जायचंच होतं, संग्रहालय त्याच दिवशी. रक्तदाब आहे, गोळी चालू आहे, सूप अर्ध्यावर काढून घेण्याची जबाबदारी आईने घेतलीय.

ऑफिसमागच्या दुकानात विचारून आलो. सुपात डुक्कर आहेच. दुपारी अडीचनंतर गर्दी नसते, तेव्हा बाहेरून काचेतून बाबांना दाखवायला हरकत नाही, असं त्या आचाऱ्याने स्वतः सांगितलं. बोलतो तो.

उकडशेंगा
काचेतून! वडील सहा हजार किलोमीटर येऊन काचेतून!!

कणीकवाली
परतताना मला आओनोरी (हिरव्या शेवाळाचा चुरा) आणि कोंबू आण रे. पैसे देते.

सुपरमार्केटातली_सखी
मी पुढच्या महिन्यात साप्पोरोला जातेय. तिथे लोणी आणि मका घातलेला मिसो रामेन मिळतो म्हणे. शाकाहारी असेल का?

मेतकूट
सखी, वर जा आणि तोक्योकरीणचा पहिला प्रतिसाद वाचा.